पत्र्यास जागा द्यावी

आमच्या शाळेच्या आवारात, चिंचेच्या झाडापासून थोड्या अंतरावर, रुपेरी पत्र्याने मढविलेली एक बुटकी गाडी उभी आहे. पालकसभेस येणारी मंडळी ती पाहून हटकून थबकतात. कोणी तीस अंडे म्हणतात, कोणी पाण्याचा थेंब म्हणतात. आणि गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या या आमच्या पेण गावातील एका गृहस्थांनी तर, 'हा उकडीचा मोदक आडवा कोणी केला?' असा प्रश्न विचारून मुलांस मनमुराद हसविले. ही गाडी कसली, ती कोणी केली, आणि तिच्यावरचा पत्रा दोनदा का बसवावा लागला, ही हकीकत विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडण्याजोगी आहे, असे वाटल्यावरून ती येथे देत आहो. हकीकतीत आमच्या चुकीचा भाग बराच आहे. परंतु चूक झाकून ठेवून धडा देता येत नाही, म्हणून तीही सांगणे प्राप्त आहे.

गाडीची कुळकथा

मोटारीच्या मागे जोडून न्यावयाच्या, दोन माणसांस निजता येईल एवढ्याच लहान घरकुलाची कल्पना अमेरिकेत १९३०नंतरच्या दशकात रूढ झाली. पुढचा भाग गोल व फुगीर, आणि मागे उतरत गेलेला, असा तिचा आकार थेंबासारखा असल्यामुळे तीस तेथील लोक 'अश्रुबिंदू' या अर्थाचे नाव देतात. आत केवळ अंथरूण. मागची झडप वर उचलली की तिच्या खाली चूल, भांडी व शिधा ठेवण्याचे फडताळ. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर तेथे ॲल्युमिनियमचा पत्रा सामान्य माणसाच्याही हाती येऊ लागला, आणि मासिकांतून छापलेले नकाशे पाहून पुष्कळ लोकांनी आपापल्या अंगणात अशा गाड्या केल्या. लाकडाचा सांगाडा, त्यावर प्लायवुड, आणि प्लायवुडावर पातळ पत्र्याचे कातडे, ही तिची रचना आजही तशीच आहे.

आमच्या नववीच्या मुलांनी कार्यानुभवाच्या तासास असे काही करावे, असे ठरले तेव्हा आम्ही हीच गाडी निवडली. तीत सुतारकाम आहे, भूमिती आहे, आणि पदार्थविज्ञानही आहे. गाडीची लांबी ८ फूट, रुंदी ४ फूट व पेटीची उंची ४ फूट धरली. पत्र्याचा बाजारी तावही ८ फूट लांब व ४ फूट रुंद मिळतो, म्हणजे २४४० मिलिमीटर बाय १२२० मिलिमीटर. तेव्हा छपरास आडवा जोड लागत नाही, हा हिशेब मुलांनीच काढला. मागच्या फडताळात चुलीऐवजी पुस्तके ठेवावयाची, आणि लहान वर्गांच्या मुलांनी आत बसून ती वाचावयाची, असा बेत होता.

येथे एक गोष्ट पालकांसाठी सांगून ठेवितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. घरी केलेली असली गाडी नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. म्हणून आमची गाडी चाकांवर असली तरी आवाराच्या फाटकाबाहेर कधी गेली नाही, व जाणारही नाही.

पहिला प्रयत्न

सांगाडा नाताळच्या सुटीपूर्वी उभा राहिला. जानेवारीच्या एका थंड सकाळी आम्ही पत्रा बसविण्यास आरंभ केला. आमचे धोरण सरळ होते : पत्रा जितका घट्ट, तितका चांगला. प्लायवुडास सर्वत्र चिकटद्रव्य फासले, त्यावर पत्रा दाबून बसविला, आणि कडेने दर ३ इंचांवर लोखंडी स्क्रू पिळून पिळून आवळले. स्क्रू जेवढा जाड, नेमके तेवढेच भोक पाडले. पुढच्या गोलाईवर अखंड पत्रा वाकविणे कठीण वाटले, म्हणून तेथे तो दोन तुकड्यांत लावला. आणि गाडी धावताना वारा समोरून येणार, तो फटीत शिरू नये, म्हणून पुढचा, म्हणजे खालचा, तुकडा वरच्या तुकड्यावर चढविला. जोडावर बाजारातून आणलेले सिलिकोन भरले. संध्याकाळी गाडी आरशासारखी चमकू लागली, आणि आम्ही सर्वजण फार प्रसन्न झालो.

काम चालू असताना रोह्याहून येणारा एक विद्यार्थी आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला होता, "सर, पत्र्याला हलायला जागा नको का? आजोबा म्हणतात, भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडावं."

आम्ही हातातील काम न थांबविता त्यास म्हटले, "भोक मोठे पाडले तर पाणी आत जाणार नाही का? विचार करून बोलावे."

मुले हसली. तो मुलगा काही न बोलता कानस उचलून आपल्या जागी गेला. त्या क्षणी आम्हांस त्यात काही विशेष वाटले नाही.

एप्रिलमध्ये पत्र्यावर फुगे दिसू लागले. भर दुपारी गाडीतून 'टक्, टक्' असा आवाज येई, व लहान मुले त्यास भूत म्हणत. मे महिन्यात जोडाचे दोन स्क्रू उपटून वर आले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. रायगड जिल्ह्यात वर्षास ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, व त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. अशा पावसापुढे लहान फट ही लहान राहत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आम्ही वर्गात कितीतरी वेळा शिकविली असेल. ती आता आमच्याच गाडीत खरी ठरली. ऑगस्टमध्ये मागची झडप उघडली तेव्हा फडताळातील पुस्तकांस बुरशी आली होती, प्लायवुडाचे पदर सुटले होते, आणि पुढच्या गोलाईखालचे लाकूड बोटाने खरवडले तरी निघत होते. पुस्तकांपैकी पुष्कळशी एका पालकांनी आपल्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ दिलेली होती. ती त्यांस कोणत्या तोंडाने दाखवावी, हे आम्हांस समजेना.

त्या रात्री आम्हांस प्रथम त्या मुलाचा प्रश्न आठवला.

एस. टी.च्या कारखान्यातील विद्या

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास बोलावून त्याच्या आजोबांविषयी विचारले. ते एस. टी. महामंडळाच्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत पत्राकाम करीत असत, व निवृत्तीनंतर रोह्यास राहात होते. त्यांस भेटण्यास आम्ही रोह्यास गेलो. कुंडलिका नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे घर आहे. आम्ही सर्व हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, पत्रा बांधून ठेवायचा नसतो, धरून ठेवायचा असतो."

या एका वाक्यात पुढचा सर्व धडा आहे. तो समजून घेण्यापूर्वी, ही विद्या त्यांच्यापाशी कोठून आली, हे विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. आपल्या राज्यात सरकारी एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. पुढे गाड्यांची संख्या वाढली, आणि दापोडी, नागपूरजवळील हिंगणा व छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणा येथील कार्यशाळांत गाड्यांचे सांगाडे उभारून त्यांवर ॲल्युमिनियमचे पत्रे बसविण्याचे काम होऊ लागले. आपण पेणहून रोह्यास किंवा अलिबागेस ज्या लाल गाडीने जात असू, तिचे अंग याच पत्र्याचे असे. ॲल्युमिनियम हलके, आणि त्यास लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही; कोकणातील पावसात हा गुण मोठा. अलीकडे, २०१७नंतर, अपघातात गाडीने अधिक टिकाव धरावा म्हणून महामंडळाने ॲल्युमिनियमऐवजी पोलादी बांधणी स्वीकारली. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे सहस्रावधी रिवेट, ज्यास कारागीर 'रिपीट' म्हणतात, ती ठोकून ज्यांनी हे पत्रे बसविले, त्या कारागिरांच्या बोटांत जी विद्या साठली, ती आमच्या पुस्तकांत नव्हती असे नाही; पुस्तकात होती, परंतु आम्ही तिचा गाडीशी संबंध जोडला नव्हता.

पहिला धडा : उष्णता

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे सातवीचा विद्यार्थीही सांगेल. किती पावतात, हे मात्र मोजून पाहिले पाहिजे. ॲल्युमिनियमचा १ मिलिमीटर तुकडा १ अंश सेल्सिअस उष्णतामान वाढल्यास ०.००००२३ मिलिमीटर वाढतो. पोलाद ०.००००१२ मिलिमीटर, आणि लाकूड तंतूंच्या दिशेने सुमारे ०.०००००५ मिलिमीटर. थंड सकाळी पत्रा २५ अंशांवर असेल, तर मे महिन्याच्या उन्हात तो सहज ६५ अंशांपर्यंत तापतो. म्हणजे ४० अंशांचा फरक. आता ८ फुटी पत्र्याचा हिशेब करा :

२४४० × ०.००००२३ × ४० = सुमारे २.२४ मिलिमीटर.

त्याच लांबीचे लाकूड वाढते सुमारे ०.४९ मिलिमीटर. दोहोंत पावणेदोन मिलिमीटरांचे अंतर पडते. पत्र्यास वाढावयाचे आहे, स्क्रू त्यास वाढू देत नाहीत; मग तो जागा शोधीत वर फुगतो. रात्री निवाला की पुन्हा आखडतो. असे रोज होते. मुलांनी ऐकलेले भूत ते हेच. रोजच्या या ओढाताणीने भोकांच्या कडा फाटतात, चिकटद्रव्य सुटते, आणि पावसाळा येतो तेव्हा वाट आयतीच तयार असते. त्यातच लाकडाचा स्वभाव पत्र्याच्या उलट : उन्हाळ्यात पत्रा पसरतो तेव्हा लाकूड वाळून आखडते, आणि पावसाळ्यात पत्रा थंड होऊन आखडतो तेव्हा लाकूड ओलाव्याने फुगते. दोघांची दिशा भिन्न असता त्यांस घट्ट बांधणे म्हणजे भांडणास निमंत्रण देणे होय.

उपाय असा : पत्रा एकाच ठिकाणी, त्याच्या मध्यावर, पक्का धरावा; म्हणजे वाढ दोन्ही बाजूंस निम्मी निम्मी वाटली जाते, व फरक प्रत्येक बाजूस सुमारे ०.९ मिलिमीटर एवढाच उरतो. इतर ठिकाणी स्क्रू ४ मिलिमीटर जाड असेल तर पत्र्यातील भोक ६ मिलिमीटरांचे पाडावे. स्क्रू भोकाच्या मधोमध आला की चहूकडे १ मिलिमीटर जागा राहते. ०.९ हे १ पेक्षा कमी आहे. तेव्हा पत्रा हलतो, पण स्क्रूवर आदळत नाही. पाठीमागे चिकटद्रव्य मुळीच लावू नये.

दुसरा धडा : पाणी

मग मोठ्या भोकातून पाणी जाणार नाही काय? हा आमचाच प्रश्न. याचे उत्तर असे, की पाणी अडविण्याचे काम भोकाचे नव्हे. ते काम दोन गोष्टींचे आहे. एक, पत्र्यांची एकमेकांवर चढण. आणि दुसरी, सदैव मऊ राहणारा लेप.

कौलारू घर आठवा. वरचे कौल खालच्या कौलावर चढलेले असते. खालचे वरच्यावर चढविले तर पहिल्याच सरीला घरात धार लागेल. आम्ही वाऱ्याचा विचार केला, आणि जी गाडी एका जागी उभीच राहणार होती तिच्यावर पडणाऱ्या पावसाचा विचार केला नाही! खालचा तुकडा वरच्यावर चढविल्यामुळे जोडाचे तोंड आकाशाकडे उघडे राहिले, व ते पाणी झेलीत राहिले. आजोबांनी दाखविलेली रीत अशी, की पुढच्या बाजूस जोडच नसावा. एकच अखंड पत्रा पुढच्या तळापासून गोलाईवरून माथ्यावर न्यावा, व मागच्या झडपेच्या बिजागरीपाशी संपवावा. तेथे त्याचा काठ बिजागरीवरून दोन इंच पुढे झुकावा, म्हणजे पाणी बिजागरीवर न थांबता झडपेवरून ओघळते. मागच्या उतारावर वरचा पत्रा खालच्यावर चढला म्हणजे पाऊसही बाहेर राहतो, आणि धावत्या गाडीचा वाराही पत्र्यावरून घसरत जातो. दोन्ही विचारांचा मेळ बसतो तो असा.

लेपाविषयी : सुकून कडक होणारा लेप पत्रा हलला की तडकतो. म्हणून कडांखाली ब्युटाइल रबराची पट्टी घालावी. ती चिकट, मऊ व लवचिक असून पत्र्याबरोबर थोडी ताणली जाते, पण सुटत नाही. आणि ज्या सिलिकोनास व्हिनेगरचा वास येतो, ते धातूवर वापरू नये; तो वास आम्लाचा असतो, व ते आम्ल वाळेपर्यंत धातूस खाते. आम्ही वापरलेले नेमके तेच होते.

तिसरा धडा : दोन धातूंचे वैर

जुना पत्रा काढला तेव्हा प्रत्येक लोखंडी स्क्रूभोवती पांढऱ्या भुकटीचे कडे दिसले. ॲल्युमिनियम गंजत नाही, असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच खरे. त्याच्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन एक अतिशय पातळ व घट्ट थर तयार होतो, व तो आतील धातूचे रक्षण करतो. परंतु दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले आणि त्यांच्यामध्ये खारट पाणी आले, की तेथे एक लहानशी विद्युत्घटमाला तयार होते. प्रयोगशाळेत जस्त व तांबे यांच्या पट्ट्या वापरून आपण जी करतो, तीच ही. अशा जोडीत जो धातू अधिक क्रियाशील, तो झिजतो. लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या जोडीत ॲल्युमिनियम झिजते. तांबे व ॲल्युमिनियम यांच्या जोडीत तर फारच त्वरेने. धरमतरच्या खाडीवरून येणारा वारा आमच्या पेणेत खारा ओलावा आणतो. म्हणजे घटमालेस लागणारे द्रव्य येथे हवेतच आहे.

आता एक सूक्ष्म मुद्दा. स्क्रू स्टेनलेस पोलादाचे वापरावे, असे आजोबा म्हणाले. तोही निराळाच धातू. मग तो कसा चालतो? याचे उत्तर क्षेत्रफळात आहे. झिजणारा धातू मोठा व दुसरा लहान असेल, तर झीज विस्तीर्ण पृष्ठभागावर वाटली जाते व जाणवत नाही. उलट मोठ्या पोलादी पत्र्यात लहान ॲल्युमिनियमचे रिवेट मारले, तर सर्व झीज त्या बिचाऱ्या रिवेटांवर पडून ते थोडक्याच काळात निकामी होतात. पत्रा मोठा व स्क्रू लहान, ही आमची जोडी त्या मानाने सुरक्षित. त्यातूनही स्क्रूच्या डोक्याखाली रबराचा वायसर घालावा, आणि जेथे पत्रा लोखंडी सांगाड्यास टेकतो तेथे मध्ये रंगाचा व रबराचा पदर ठेवावा; म्हणजे घटमाला मुळातच जुळत नाही.

कामाचा क्रम

दुसऱ्या वेळी काम पुढील क्रमाने झाले. ज्यांस असे काही करावयाचे असेल, त्यांनी हा क्रम टिपून ठेवावा.

१. कुजलेले प्लायवुड काढून नवे, पाण्यात टिकणारे लावले. त्याच्या सर्व बाजूंस, आणि विशेषतः कापलेल्या कडांस, वॉर्निशचे तीन हात दिले. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः कडेने. जेथे तंतूंची तोंडे उघडी असतात तेथे.

२. १ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला. अशा एका तावाचे वजन सुमारे ८ किलो भरते. तेवढाच पोलादी पत्रा २३ किलोंहून अधिक भरेल. हातमोजे घातल्याशिवाय एकाही मुलास पत्र्यास हात लावू दिला नाही. पत्र्याची ताजी कड सुरीहून तीक्ष्ण असते. भोके पाडताना डोळ्यांवर चष्मा सक्तीचा होता.

३. प्रथम दोन्ही बाजूंचे पत्रे, मग छपराचा, हा क्रम. बाजूचा पत्रा थोडा मोठा कापून, बसविल्यावर कानशीने सांगाड्याच्या कडेबरोबर घासून आणला.

४. भोके पाडल्यावर त्यांच्या कडांवर उठलेली धातूची कूस काढली. ती राहिल्यास पत्रा सपाट बसत नाही, व लेप तेथे कापला जातो.

५. छपराचा पत्रा माथ्यावर मध्यभागी धरला, आणि सामान बांधण्याच्या रुंद पट्ट्यांनी दोन्ही टोकांकडे हळूहळू आवळीत गोलाईवर बसविला. आम्हांस जे अशक्य वाटले होते, ते सहा मुलांनी अर्ध्या तासात केले. घाई केली असती तर पत्र्यास मोड पडली असती, आणि पडलेली मोड पुन्हा जात नाही.

६. बाजू व छप्पर जेथे भेटतात त्या कडेवर ब्युटाइलची पट्टी, आणि तिच्यावर मऊ ॲल्युमिनियमचा अँगल गोलाईबरोबर वाकवीत बसविला. अँगलचे तुकडे एकमेकांस न भिडविता मध्ये २ मिलिमीटर जागा ठेवून ती लेपाने भरली. अँगलमुळे पत्र्यातील मोठी भोके झाकली जातात. स्क्रू अँगलमधून व पत्र्याच्या मोठ्या भोकातून लाकडात जातो. पत्रा अँगलखाली सरकू शकतो. हेच ते 'धरून ठेवणे'.

७. स्क्रू एकदम शेवटपर्यंत आवळले नाहीत. सर्व स्क्रू बेताने बसविल्यावर, दुसऱ्या दिवशी ऊन लागून लेप दबल्यानंतर, पुन्हा एक फेरी केली. बाहेर आलेला लेप लाकडी पट्टीने खरवडून काढला. लोखंडी पात्याने पत्र्यावर ओरखडे येतात.

८. शेवटी दोन्ही बाजूंस जाळी लावलेली हवेची झरोके ठेवली, व त्यांवर पाऊस येऊ नये म्हणून छोटी पाखी बसविली. हा भाग कोणीही गाळू नये. पत्र्याने सर्व बाजूंनी बंद केलेल्या पेटीत मुले बसली तर हवा कोंडते. शिवाय श्वासातील बाष्प थंड पत्र्याच्या आतल्या बाजूस जमून थेंब पडतात, आणि बाहेरचा पाऊस अडविला तरी आतला पाऊस लाकूड कुजवितोच.

या सर्व कामास पाच शनिवार लागले. आजोबा रोह्याहून सकाळच्या गाडीने येत, चिंचेखाली खुर्चीवर बसत, व स्वतः हात फारसा न लावता मुलांकडून करवून घेत. एखाद्याचे चुकले तर, "पुन्हा कर, पत्रा रागावत नाही," एवढेच म्हणत. नातू त्यांच्या शेजारी उभा राहून इतरांस हत्यारे देई.

फळ

गाडीने त्यानंतर एक उन्हाळा व एक पावसाळा काढला. ऑक्टोबरमध्ये मुलांसमक्ष झडप उघडली, तेव्हा फडताळ कोरडे होते. पूर्णपणे कोरडे होते, असे मात्र म्हणता येणार नाही : डाव्या झरोक्याखाली तळहाताएवढा ओला डाग होता. तेथील पाखे आखूड पडले, असे एका मुलीने दाखवून दिले. ते या वर्षी लांब केले. दुपारचा 'टक्, टक्' आवाज आता येत नाही.

ज्या पालकांची पुस्तके आमच्या हातून नष्ट झाली, त्यांच्या घरी आम्ही जाऊन सर्व सांगितले. ते काही वेळ स्तब्ध होते. नंतर त्यांनी कपाटातून आणखी सात पुस्तके काढून दिली, आणि, "ती असती तर तिनेही पुन्हा दिली असती," असे म्हणाले. ती पुस्तके आज त्या गाडीत आहेत.

आणखी एक देणे उरले होते. ज्या मुलास आम्ही वर्गासमोर गप्प बसविले, त्याची क्षमा एकांतात मागणे आम्हांस पुरेसे वाटले नाही. सकाळच्या प्रार्थनासभेत सर्व विद्यार्थ्यांसमोर आम्ही सांगितले, की त्या दिवशी त्याचे म्हणणे बरोबर होते, आमचे चूक होते, आणि त्याचे ऐकले असते तर एक वर्ष, दोन ताव पत्रा आणि कित्येक पुस्तके वाचली असती. तो मान खाली घालून उभा होता. परंतु त्या दिवसापासून वर्गात तो हात वर करतो.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी विद्या आहे. कोणाचे वडील मूर्ती रंगवितात, कोणाची आई मिठागराचे काम जाणते, कोणाचे आजोबा होडी बांधीत असत. ती विद्या पाठ्यपुस्तकाहून निराळी नाही. तीच ती, हातांनी लिहिलेली. ती वर्गात आणण्यास संकोचू नका. आणि पालकहो, तुम्हीही, 'आम्ही काय शिकलो!' असे म्हणून ती मुलांपासून झाकून ठेवू नका. राहिले आम्ही शिक्षक. पत्र्याप्रमाणे मुलासही धरून ठेवावे, पण हलण्यास जागा द्यावी, हे आम्ही त्या गाडीपाशी शिकलो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. छपराचा पत्रा ८ फुटांऐवजी १२ फूट लांब असता, ४० अंशांच्या फरकाने तो किती मिलिमीटर वाढला असता? मध्यावर धरल्यास प्रत्येक बाजूस किती?

२. पोलादी पत्रा व लाकूड यांच्या वाढीत, वरच्याच लांबीस व उष्णतामानास, किती अंतर पडेल? ते ॲल्युमिनियमपेक्षा कमी की अधिक?

३. तुमच्या घराच्या छपरावर कौले अथवा पत्रे कोणत्या बाजूने चढविले आहेत, ते पाहून आकृती काढा, व पाऊस कोणत्या दिशेने येतो तेही दाखवा.

४. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास त्यांच्या कामातील एक युक्ती विचारा; आणि ती तशीच का करावी लागते, याचे कारण शोधून वहीत लिहा.